कयाधूच्या मापाची माशी

माझ्या शिलाई मशीनच्या खणात दोन डबे आहेत. एकात बॉबिन, सुया, हुक आणि बटणं. दुसऱ्यात माश्या. गव्हाच्या दाण्याहून लहान, काळ्या, करड्या, पिवळट, कापसाच्या पातळ थरावर ओळीनं ठेवलेल्या. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एखाद्या पोरीच्या हातून तो डबा उघडला की ती दचकून हात मागं घेते. "काका, मेलेल्या माश्या कशाला ठेवल्यात?" मग मी त्यातली एक चिमटीत धरून उलटी करतो आणि पोटाखालचा गळ दाखवतो. तिचं अंग म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस, मोरपिसाचा एक तंतू, जळालेल्या पाणबुडी मोटरीची तांब्याची तार आणि आमच्याच दुकानातला दोरा.

गळाला गांडूळ नाही तर कणकेची गोळी लावून मासा धरतात, हे आमच्या नरसी गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. माशीचा गळ वेगळा. त्याला खाण्याचं काहीच लावलेलं नसतं. पाण्यावर किंवा पाण्यात किडा जसा दिसतो तसा दिसणारा आकार गळावर दोऱ्यानं बांधायचा आणि तो प्रवाहात सोडायचा. या माशीला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची ती दोरी. दोरीच जाड आणि जड असते, काठी लवचिक असते, आणि काठीनं दोरीला मागं-पुढं झुलवून पुढं सोडलं की टोकाची माशी तिच्या मागोमाग जाऊन अलगद पाण्यावर बसते.

ही विद्या जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास इलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. तिथल्या नदीवर एक किडा घिरट्या घालायचा आणि ठिपक्यांचे मासे तो वर येऊन गिळायचे. पण तो किडा हातानं पकडला की त्याचा रंग जायचा, पंख कोमेजायचे, मासा त्याला तोंड लावायचा नाही. मग त्या लोकांनी गळाला लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली. लोकर, पीस, दोरा. १८०० वर्षं झाली, माझ्या टेबलावर आजही मुख्य सामान तेच आहे.

मी शिंप्याच्या घरातला. नरसीत शिंप्याच्या घरात जन्मलो हे सांगताना आमच्याकडं मान आपोआप देवळाकडं वळते, कारण नामदेव महाराज याच गावचे आणि शिंपीच. वडिलांच्या हाताखाली काज-बटण शिकलो आणि फौजेत टेलर म्हणून भरती झालो. १७ वर्षं वर्द्या शिवल्या, फित्या लावल्या, तंबू दुरुस्त केले. शेवटची काही वर्षं हिमाचलात, कुल्लूच्या बाजूला होतो. तिथं एक शीख साहेब होते. हजेरीला गावाचं नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. "भगत नामदेवजी के गाँव के हो?" गुरु ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मला त्यांनी सांगितलं. नामदेवांचं पंढरपूर मला माहीत होतं, पंजाबातलं त्यांचं घुमान नाही. त्यानंतर साहेबांची आणि माझी वेगळीच ओळख झाली.

या साहेबांना ट्राउट माशाचा नाद होता. ट्राउट आपल्या देशातला नाही. काश्मीरच्या नद्यांत सोडण्यासाठी १८९९ मध्ये विलायतेतून त्याची अंडी आणली, ती वाटेतच मेली. दुसऱ्या वर्षी, १९०० साली पुन्हा आणली, ती जगली. कुल्लूच्या बियास नदीत १९०९ मध्ये ट्राउट आला आणि रुजला. पातळीकूहलला आजही सरकारी ट्राउट फार्म आहे. थंड, स्वच्छ, धावतं पाणी ही त्याची गरज. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो, २५ च्या आसपास जीवावर बेतू लागतं. परवाना काढून गळ टाकता येतो, पण १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी, कारण तो त्याच्या विणीचा काळ.

साहेबांच्या विलायती माश्या एकदा फाटल्या. दोरा सुटला, पिसं उलगडली. त्यांनी त्या माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाले, "तेरे हाथ में सूई है, देख ले." मी एक माशी सुईनं पूर्ण उसवली. शिवलेला कपडा उसवला की शिवणाऱ्यानं कुठून सुरुवात केली ते कळतं, तसंच इथं. दोरा कुठून चढवला, पीस कुठं दाबलं, गाठ कुठं लपवली. उसवता उसवता शिकलो.

बांधायची रीत अशी. गळ लहानशा व्हाइसमध्ये पक्का धरायचा, वाकडा भाग आत, दांडा मोकळा. दोऱ्यावरून मधमाशीचं मेण ओढायचं, म्हणजे तो घसरत नाही आणि पाणीही कमी पितो. डोळ्यापाशी दोरा सुरू करून दांड्यावर एकाला एक लागून वेढे देत मागं जायचं. तिथं पिसाचे दोन-तीन तंतू बांधायचे, ती शेपटी. मग तार आणि मोरपिसाचा तंतू बांधून दोरा पुढं आणायचा. मोरपिसाचा तंतू गुंडाळला की केसाळ, काळसर-हिरवं अंग तयार होतं. त्यावर उलट्या दिशेनं तारेचे चार-पाच वेढे, म्हणजे किड्याच्या अंगावरचे वळे दिसतात आणि माशाच्या दातानं तंतू तुटत नाही. शेवटी मानेशी कोंबड्याचं पीस कडेवर उभं करून दोन वेढे द्यायचे, त्याचे केस चहूकडं उभे राहतात, ते पाय. आणि गाठ. दोऱ्यावर दोरा चढवत चार वेढे, मग टोक खालून ओढून घ्यायचं. काज करताना टाक्याच्या फासातून सुई काढतो ना, त्याची ही बहीण. ती गाठ मला पहिल्याच दिवशी जमली.

साहेबांनी मला अजून एक गोष्ट सांगितली, जी मी तेव्हा नीट ऐकली नाही. फ्रँक सॉयर नावाचा एक नदीचा राखणदार इंग्लंडात एव्हन नदीवर होता. त्यानं पाण्याखालच्या अळीची माशी बांधताना दोराच वापरला नाही. तांब्याची बारीक तार आणि तितराच्या जातीच्या एका पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू, बस्स. तारच दोरा, तारच वजन. तो दिवसभर नदीकाठी असायचा, त्याच्या नदीतली अळी कशी पोहते ते त्यानं पाहिलं होतं, आणि पोहताना ती पाय अंगाशी घेते म्हणून त्यानं पाय बांधलेच नाहीत. त्याची माशी जगभर गेली. पण ती आधी त्याच्या एका नदीच्या मापानं बेतलेली होती.

पेन्शनीवर गावी आलो तेव्हा पेटीत माझ्या हातच्या शंभरेक माश्या होत्या. बियासच्या. आमची कयाधू वाशीम जिल्ह्यातून येते, नरसीजवळून हिंगोलीकडं जाते आणि पुढं पैनगंगेला मिळते. दसरा झाला होता, पाणी निवळलं होतं. देवळाच्या बाजूला मी गळ टाकत नाही, तेव्हाही टाकला नाही. बरंच वर, जिथं नदी गोट्यांवरून खळाळत उतरते तिथं जाऊन सगळा दिवस उभा राहिलो. एकही मासा वर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मासे डोळ्यांना दिसत होते. माशी जवळ आली की ते बाजूला सरकायचे.

पलीकडं भोईवाड्यातले एक आबा जाळं धूत होते. तीन दिवस त्यांनी पाहिलं आणि चौथ्या दिवशी काठावर येऊन बसले. माझी माशी हातात घेतली, तळव्यावर फिरवली. म्हणाले, "तू वरून बघायलास, मासा खालून बघायलाय. दगुड उलथून बघ की, त्याच्या घरात काय हाय."

तेवढंच बोलले. मी चपला काढून पाण्यात उतरलो आणि दगड उलथायला लागलो.

तिथं जे दिसलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. बियासच्या दगडाखाली एक अळी असते, कॅडिस. ती तोंडातल्या रेशमानं वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते आणि त्या घरासकट फिरते. बियासच्या वाळूत अभ्रक आहे, म्हणून तिथल्या अळीचं घर चमकतं, जणू टिकल्या लावलेली बाही. मी तिची माशी बांधताना चंदेरी जर वापरायचो. कयाधूच्या दगडाखालीही कॅडिस होती. पण आमचा दगड काळा, बसाल्टचा, वाळू काळसर. तिचं घर काळं, खरबरीत आणि माझ्या माशीच्या निम्मं होतं. मी चंदेरी जर लावलेली मोठी माशी या माशांपुढं नाचवत होतो. लग्नाचा शालू नेसून निंदायला जावं तसं ते होतं.

दुसरी अळी मेफ्लायची. चपटी, दगडाला गच्च धरून बसलेली, मागं तीन बारीक शेपट्या. या किड्याचं आयुष्य असं की पाण्याखाली अळी म्हणून ती बराच काळ जगते, थंड मुलखात वर्ष-वर्ष, उबदार पाण्यात काही आठवडे. मग वर येऊन पंख फोडते, त्यानंतर पुन्हा एकदा कात टाकते. पंख आल्यावर कात टाकणारा हा एकच किडा. मोठेपणी ती काहीच खात नाही, जोडा लावते, अंडी घालते आणि फार तर दिवस-दोन दिवसांत संपते. उबदार पाण्यात वाढ झटपट होते म्हणून अंग लहान राहतं. गळाच्या मापात आकडा वाढला की गळ लहान होतो. बियासवर मी १२ आणि १४ नंबर वापरत होतो. कयाधूच्या अळीशेजारी ठेवून पाहिलं, १८ नंबर बसला, कधी २०. शिंप्याच्या पोरानं माप न घेता कापड कापलं होतं.

आणि मासा खालून काय पाहतो? पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या कोनातून. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन तळच दाखवतो. तरंगत्या किड्याचे पाय त्या आरशात खळ्या पाडतात, त्या चमकत्या ठिपक्यांनी माशाला आधी चाहूल लागते, मग किडा खिडकीत येतो. बियासचं पाणी फेसाळतं, माशाला विचार करायला वेळ नाही. कयाधू कार्तिकात संथ होते, मासा माशीखालून हातभर तिच्याबरोबर वाहत येतो आणि न्याहाळतो. त्यामुळं जे बियासवर दाट पीस लागत होतं ते इथं विरळ करावं लागलं. दोन वेढ्यांचा एक वेढा झाला, आणि पोटाखालचे केस कात्रीनं कापले.

मासा कोणता, हेही सांगायला हवं. कयाधूत ट्राउट असणं शक्यच नाही, आमचा उन्हाळा त्याला अर्धा दिवसही सोसणार नाही. पण खळाळीच्या पाण्यात एक वीतभर चपळ मासा असतो, चंदेरी, अंगावर उभे निळसर पट्टे. झोऱ्या. इंग्रजांनी त्याला भारतीय डोंगरी ट्राउट म्हटलं. नात्यानं तो ट्राउटचा कोणी नाही, रोहूच्या गोतातला आहे. शास्त्रात त्याचं वर्णन हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकानं १८०७ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातल्या वेदावती नदीवरून केलं. तो गोट्यांच्या तळावर राहतो, किडे खातो आणि वरून पडलेला किडा उसळून घेतो. नाव इंग्रजांनी दिलं असेल, पण सवयींकडं पाहता ते अगदी उगाच दिलेलं नाही. माशांच्या नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो, कर्नल साइक्स या माणसानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद छापली तेव्हा शिंगाळा, कोळस, खुडरी, नुक्ता ही आपली नावंच लॅटिनमध्ये घातली. ती आज जगभरच्या पुस्तकांत आहेत. मला याचा फार अभिमान वाटतो.

त्या हिवाळ्यात मी बियासचा डबा बाजूला ठेवला आणि गावातलं सामान गोळा केलं. काळी कॅडिस बांधायला धनगराच्या घोंगडीची न रंगवलेली काळी लोकर. ती जाडीभरडी असते, केस बाहेर येतात, आणि तेच हवं असतं. तार रिवायंडिंगच्या दुकानातून. आमच्या भागात बोअरच्या मोटरी जळतात आणि त्यातली केसाएवढी तार भंगारात पडते. जुन्या तारेवरचा रोगण काळपट झालेला असतो, तो कयाधूच्या अळीला अगदी मिळतो. पीस गावठी कोंबड्याचं. परदेशात खास पिसांसाठी कोंबडे वाढवतात, त्यांची पिसं लांब आणि कडक, माशी तरंगवायला उत्तम. आपल्या कोंबड्याचं पीस आखूड आणि मऊ, ते पाणी पितं, बुडतं आणि बुडताना श्वास घेतल्यासारखं हलतं. मला तरंगणारी माशी थोडी आणि बुडणारी जास्त लागते, म्हणून तो दोष मला दोष वाटत नाही. मोरपीस तुरीच्या वावरात पडलेलं मिळतं, गळून पडलेलंच घ्यायचं. सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेच्या चमकत्या पिसांसाठी एके काळी विलायतेत झुंबड होती. १९७२ च्या कायद्यानं त्या पक्ष्याला आता संरक्षण आहे, ते असायलाच हवं.

काठी मी बांबूची केली, रीळ लावलंच नाही. जपानच्या डोंगरात तेनकारा नावाचा प्रकार आहे, तिथं नुसती लांब काठी, टोकाला दोरी आणि एक माशी. त्यांच्या माशीचं पीस उलटं, डोळ्याकडं झुकलेलं असतं, काठी हलवली की ते उघडमीट करतं. कयाधूच्या अरुंद धारेला हेच सोयीचं. काळ्या लोकरीची, उलट्या पिसाची, १८ नंबरची माशी मी मार्गशीर्षात पहिल्यांदा खळाळीच्या शेपटाला सोडली. तिसऱ्या फेकीला दोरी थबकली. ओंजळभर पाण्यात झोऱ्या धरला तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे उन्हात निळे झाले आणि हात सोडताच तो गोट्यांत गेला.

सोडून का दिला, हे माझ्या मायला सांगावं लागलं नाही, ती माळकरी आहे. पण तिनं वेगळाच प्रश्न विचारला. "सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला रे, बाबा?" मी तिला सांगितलं की गळाचा काटा मी पकडीनं दाबून टाकतो, त्यामुळं गळ रुततो पण अडकत नाही. माशाला हात लावण्याआधी हात ओले करतो, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून राखतो आणि कोरड्या हाताला तो निघून येतो. पाण्याबाहेर काढत नाही. ती ऐकून घेते. एकादशीला मी जात नाही. तिच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नाही आणि मी ते असल्याचं भासवत नाही.

वेळापत्रकही नदीनंच ठरवलं. आपल्याकडचे बहुतेक मासे पावसाळ्यात वितात, म्हणून जून ते ऑगस्ट मी काठीला हात लावत नाही. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वारुळांतून उधई उडते, पंख गाळत पाण्यावर पडते आणि सगळी नदी माशांच्या तोंडांनी उकळायला लागते. मी काठावर बसून ते पाहतो. उधईची माशीही बांधून ठेवली आहे, मातकट सुताचं अंग आणि चार पंख, माझ्या हातून झालेलं सगळ्यात नेटकं काम. ती मी कधीच पाण्यात टाकलेली नाही. त्या दिवसांत त्या माशांच्या पोटात गाभोळी असते. संक्रांतीनंतरही थांबतो. धार तुटते, डोह उरतात, त्यात अडकलेल्या माशांना आधीच हवा कमी पडते.

दगड उलथण्याची सवय मात्र बारा महिने राहिली. मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय हे तीन किडे असले तर पाणी चांगलं, हे नद्यांच्या अभ्यासकांचं जगभर वापरलं जाणारं माप आहे, कारण घाण पाण्यात हे आधी मरतात. स्टोनफ्लाय मला कयाधूत कधी दिसली नाही, तिला थंड पाणी लागतं. बाकी दोन आहेत, पण कुठं आहेत हे पाहिलं की वाईट वाटतं. जिथून वाळू आणि गोटे उपसले तिथं खाली नुसता गाळ, एकही अळी नाही. सोयाबीनवर फवारणी झाली आणि लगेच मोठा पाऊस आला की काठाजवळचे दगड आठ-दहा दिवस रिकामे असतात. वावरातल्या अळीला मारणारं औषध नदीतल्या अळीला वेगळं ओळखत नाही. शेतकरी माझेच भाऊबंद आहेत, त्यांच्या अडचणी मला माहीत आहेत. तरी पंप धुवायला नदीवर आणू नका, एवढं मी दुकानात कपडे घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काहींनी ऐकलं आहे.

शेवटची गोष्ट पिवळ्या माशीची. कयाधूची मेफ्लाय पंख फोडून वर येते तेव्हा पिवळट दिसते. पिवळा रंग आमच्या जिल्ह्यात शोधायला कुठं जायचं? घरोघरी हळद शिजते. मी पांढऱ्या कोंबडीची पिसं हळदीच्या पाण्यात उकळली, चुना लागू दिला नाही, नाहीतर लाल होतात. रंग असा चढला की डबा उघडल्यावर उजेड पडावा. झोऱ्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. तसल्या सहा माश्या मी टोपीच्या पट्टीला टोचून ठेवल्या आणि विसरलो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे प्रत्येक बाईला माहीत असतं, मला सुचलं नव्हतं. महिन्यानं एका दुपारी डब्यातल्या माश्या संपल्या म्हणून टोपीवरची एक काढली. ती उडून सायीच्या रंगाची झाली होती. पहिल्याच फेकीला मासा आला, मग दुसरा. दगडावर बसलेली खरी मेफ्लाय मी चिमटीत न धरता, बोट जवळ नेऊन नीट पाहिली. पंख सायीच्या रंगाचे, पिवळी झाक फक्त बुडाशी.

आता मी हळदीत काढलेली पिसं दोन दिवस पत्र्यावर कडक उन्हात वाळत घालतो, वर दगड ठेवतो म्हणजे वारा नेत नाही. मगच बांधायला घेतो.